समोर येऊन बोलायचं

आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. रायपूरला, पंडरीच्या कापडबाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि शेजारी नवा भाडेकरू आला की सुरुवातीला त्याला वाटायचं, या मराठी लोकांकडे सकाळ-संध्याकाळ भांडण पेटलेलं असतं. वांग्यात मीठ बरोबर आहे का, एवढं आईनं बाबांना विचारलं तरी गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्यापर्यंत ऐकू जायचं. कधीकधी तोच तिकडून ओरडून सांगायचा, "ठीक है, भाभी!" मग नव्या शेजाऱ्याला कोणीतरी समजावायचं, की घरातला माणूस टीनाचं काम करतो, दिवसभर पत्रा ठोकतो, अशा घरी असंच बोलतात. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं. बराच काळ आमचंही झालं.

बाबांचं नाव श्रावण. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बाबा रायपूरलाच जन्मले, आणि टीनाचं काम त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालं होतं. खोल्यांच्या पुढेच दुकान. लग्नसराईत पेट्या, धान निघालं की कोठ्या आणि होळी झाली की कूलर. रायपूरचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कूलरचं महत्त्व सांगायला नको. पत्रा कापायचा, लाकडी हातोड्यानं काठ दुमडायचा आणि मग लोखंडी हातोडीनं रिव्हेट ठोकत जायचं. तो ठणठणाट माझ्या अंगात इतका मुरला होता की दुपारी मी झोपलेली असताना तो थांबला तर मला जाग यायची. पण बाबांना मास्तर व्हायचं होतं. का व्हायचं होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्यांच्या नाकाडोळ्यांसारखंच ते आम्हाला त्यांचं वाटायचं. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांवर. आधी तुकड्याचे काठ ठोकून बोथट करायचे, मग खिळ्यानं त्यावर अक्षर ओढायचं आणि माझं बोट धरून त्या चरीतून फिरवायचं. गिऱ्हाईक नसलं की पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पोरं दुकानात येऊन बसायची. बाबा पाढे म्हणवून घ्यायचे आणि ओळ संपली की हातोडीचा एक ठोका द्यायचे. बी.ए. त्यांनी बाहेरून केलं, माझ्या जन्मानंतर, एकदा इंग्रजीत गटांगळी खाऊन. निकाल लागला त्या दिवशी आईनं तळून ठेवलेल्या सांबारवड्या गल्लीनंच संपवल्या, आम्हाला चुरा उरला. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; पुण्याकडच्या लोकांना हे सांगावं लागतं.

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. फटाके उडाले, पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं रंगवलं गेलं, आणि भोपाळहून साहेब लोक आपापल्या बायकापोरांसह येऊन उतरले. जिथं जागा सापडेल तिथं कचेऱ्या बसल्या. जुनी गोदामं, शाळांच्या इमारती, काही सोडलं नाही. आणि त्या प्रत्येक कचेरीला ऊन तापायच्या आत कूलर हवे होते. आमच्या दुकानात पत्र्याच्या चळती छपराला टेकल्या. बाबा उजाडता ठोकायला बसत ते दिवेलागणीपर्यंत उठत नसत. छप्परही पत्र्याचं, त्यामुळे आवाज बाहेर न जाता तिथंच घुमत राहायचा. त्या उन्हाळ्यानं बाबांचे कान खाल्ले, असं आई म्हणायची. मला वाटतं, ते आधीपासून जातच होते, त्या उन्हाळ्यात ते आमच्या लक्षात आलं.

लक्षात आलं ते असं. आई नळावर गेली होती. बाबा स्वयंपाकाच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, शेगडीपासून हाताच्या अंतरावर. मी बाहेरून आले तर घरभर करपलेल्या वरणाचा वास, कुकर शिट्या मारून मारून थकलेला, आणि बाबा शांतपणे पान उलटताहेत. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली.

"अवो, कुकर बोंबलून राहिला! तुमाले आयकू नाही येत का?"

बाबांनी मान वर केली आणि हसले. "काय म्हणतं?"

आईनं घागर खाली ठेवली. कुकर उतरवला, आणि मग बाबांच्या पाठीमागं जाऊन तिनं जोरात टाळी वाजवली. बाबा पुढचं पान वाचत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे टाळीचे हात तसेच जुळलेले होते.

त्यानंतर आमच्या घराच्या नव्या रीती पडल्या. बाबांना बोलवायचं तर दिव्याचं बटण दाबायचं, किंवा फरशीवर पाय आपटायचा, म्हणजे हादरा त्यांना कळायचा. बोलायचं तर समोर बसून, तोंडावर हात न ठेवता. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं ओरडलं तर त्यांना शब्द कळायचे, आणि हे काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज बारीक आणि टोकदार होता. बाहेरचं कोणी बोलत असलं की बाबा सवयीनं माझ्याकडे बघायचे. मी सांगायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्याच पावसाळ्यानंतर शिक्षाकर्मींच्या, म्हणजे सरकारी शाळांतल्या कंत्राटी मास्तरांच्या, जागा निघाल्या आणि बाबांची निवड झाली. मुलाखत घेणारे साहेब समोरच ओळीनं बसले होते, एकेकटे बोलत होते, म्हणून निभावलं, असं त्यांनी आईला सांगितलं. आई हसावं की काय करावं अशी उभी. वयाची चाळिशी जवळ आली होती, आणि ज्या माणसाला आयुष्यभर लोकांनी "ए टीनवाले" म्हणून हाक मारली तो पांढरा शर्ट घालून ल्यूनावर बसून शाळेत निघाला होता. आईनं त्यांच्या डब्यात पोळ्या घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली. त्यांच्या हाताची नखं मात्र काळीच होती. पत्र्याचं काळं नखांतून जात नाही.

शाळेचं गाव शहरापासून लांब होतं, आता जिथं नवं रायपूर वसवलं आहे त्या बाजूला. आज तिकडे इतके रुंद रस्ते आहेत की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बसची वाट बघत उभं राहिलं तर गाड्याच गाड्या जातात, बस येत नाही. तेव्हा मात्र सगळी धानाची शेतं होती, मधून मुरमाची वाट, आणि तळं. छत्तीसगढीत त्याला तरिया म्हणतात. तरियाच्या काठाला पाठ करून शाळा उभी होती. एक मोठी खोली, पुढं ओसरी. मास्तर दोन, बडे गुरुजी म्हणजे हेडमास्तर, आणि बाबा. पण बडे गुरुजींना बैठका आणि सरकारी कामं इतकी असत की शाळा बहुतेक बाबांचीच होती.

आईनं त्या दिवसांत त्यांना समता कॉलनीतल्या एका कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होते, सांगायला. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली आहे, ती परत येत नाही, मशीन लावा. मशीन लावलं. पण त्यातून सगळंच सारखं मोठं यायचं. पोरांचा आवाज, पंख्याची घरघर आणि कावळा, सगळ्यांचा मिळून एक खळखळाट. शिवाय ते दिसायचं. बाबांनी ते डबीत ठेवून दिलं.

"हेडमास्तरले सांगून तर द्या," आई त्यांच्या तोंडासमोर बसून म्हणाली.

"नोकरी अजून पक्की नाही. बहिरा मास्तर कोण ठेवते?"

"पण पोट्ट्यायनं हाक मारली तर?"

"माह्या पोट्ट्यायले मी शिकवून ठेवलं आहे," बाबा म्हणाले. "पक्की होऊ दे. मग सांगतो."

काय शिकवलं होतं, ते मला एका शनिवारी कळलं. मला सुट्टी होती, बाबांनी ल्यूनाच्या मागं बसवून शाळेत नेलं. मी ओसरीत बसून पाहत राहिले. पोरं जागेवरून "गुरुजी, गुरुजी" ओरडत नव्हती. ज्याला काही हवं असेल तो उठायचा, बाबांच्या पुढ्यात येऊन उभा राहायचा, ते खाली बघेपर्यंत थांबायचा, आणि मग तोंड उघडून एकेक शब्द नीट बोलायचा. "गुरुजी. पानी. पीये बर. जांव?" बाबा मान हलवायचे. कोणाला घाई असली तर त्यांच्या शर्टाचं टोक धरून ओढायचा. मी असा वर्ग कधी पाहिला नव्हता; आमच्या शाळेत तर मासळीबाजार असायचा. माझ्याजवळ एक मुलगी येऊन बसली, दोन वेण्या लाल रिबिनीनं बांधलेल्या, पुढचा एक दात पडलेला. तिचं नाव दुलारी. मी विचारलं, सगळे असे समोर जाऊन का बोलतात? तिला माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी.

"हमर गुरुजी के नियम हे," ती म्हणाली. "आघू आके बोलना. पाछू ले चिल्लाय ले विद्या नइ आवय."

समोर येऊन बोलायचं. मागून ओरडलं तर विद्या येत नाही. घरी जाताना मी ते बाबांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं, तर ल्यूना चालवता चालवता ते इतके हसले की आम्ही बांधावरून शेतात जाणार होतो. त्या संध्याकाळी त्यांच्या डब्यात रिकामी जागा नव्हती. पोरं रोज काहीतरी भरून द्यायची, कधी बोरं, कधी तिवऱ्याची कोवळी भाजी, कधी मुनग्याच्या शेंगा. आई ती भाजी निवडत बसायची आणि बाबा तिला शाळेतल्या गोष्टी सांगायचे. बहिरी माणसं फार मोठ्यानं बोलतात, त्यामुळे त्या गोष्टी गल्लीलाही पाठ होत्या. मी आज वळून पाहते तेव्हा आमच्या घरातलं सुख म्हणून मला तोच काळ आठवतो. पुढं आम्हाला खायला-प्यायला कमी पडलं नाही, माझं लग्न चांगलं झालं, पण बाबा रात्रीचं जेवण टाकून पोरांच्या नकला करताहेत आणि आई "जेवा आता, बाप्पा" म्हणून ओरडते आहे, तसं घर पुन्हा झालं नाही.

ते पुढच्या हिवाळ्यात घडलं. धान कापून झालं होतं. मी तिथं नव्हते. जे मला माहीत आहे ते थोडं बडे गुरुजींकडून, थोडं बैसाखू नावाच्या म्हाताऱ्याकडून आणि एवढंसं बाबांकडून. शाळेचा हँडपंप बिघडलेला होता. दुपारचं जेवण झालं की पोरं आपापली ताटली तरियावर धुवायची, आणि बाबा काठावर उभे राहायचे, सगळी वर येईपर्यंत. त्या दिवशीही ते उभे होते. पोरं धुऊन वर आली, शाळेच्या पुढच्या बाजूला खेळायला पळाली. सगळी आली असं समजून बाबा आत गेले आणि दुपारच्या वर्गासाठी फळ्यावर गणितं लिहू लागले. दुलारी जेवायला वेळ लावायची. ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून शेवटचे घास खात होती, ते कोणी पाहिलं नव्हतं. ती उठली आणि आपली ताटली घेऊन एकटी मागं गेली. काठाचा दगड शेवाळलेला होता.

फळ्याच्या समोरच्या भिंतीत खिडकी होती आणि ती तरियावर उघडत होती. म्हणजे बाबा लिहीत होते तेव्हा ती त्यांच्या पाठीशी होती, उघडी. दुलारी ओरडली. पुढच्या बाजूला पोरांचा खेळाचा कल्ला होता, त्यात पोरांना ते कळलं नाही. तरियाच्या पलीकडच्या काठावर बैसाखू शेळ्या चारत होता, त्यानं ऐकलं. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं तिथूनच बोंब मारली, "गुरुजी! ए गुरुजी!" त्याला खिडकीतून बाबांचा पांढरा शर्ट दिसत होता. तो हाका मारत तरियाला वळसा घालून पळत सुटला, आणि पळताना प्रत्येक वेळी बघत होता की आता तो शर्ट वळेल. शर्ट वळला नाही. म्हातारा दारातून आत शिरला तेव्हा बाबांनी त्याला पाहिलं. त्याच्या तोंडावरूनच त्यांना समजलं. ते खिडकीतूनच बाहेर पडले. तिला त्यांनीच काढलं, त्यांनीच पालथं घालून पाठ दाबली, त्यांनीच उचलून गावापर्यंत धावत नेलं. तोवर काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा कपडे अंगावरच वाळले होते आणि केसांत हिरवं शेवाळ होतं. ल्यूना त्यांनी भिंतीला न लावता तशीच सोडून दिली, ती पडली. आई धावली. ते तिच्याकडे न बघता दुकानात गेले आणि पत्र्याच्या चळतीला टेकून खाली बसले. आई दिव्याचं बटण दाबत राहिली, दिवा लागत-विझत राहिला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बडे गुरुजी येऊन सगळं सांगून गेले, तेव्हा आम्हाला कळलं.

चौकशीला साहेब आले, लिहून घेऊन गेले. अपघात, असं ठरलं. बाबांच्या कानांबद्दल कोणी विचारलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. त्या दिवसांत आई रोज स्वयंपाक करायची आणि रोज संध्याकाळी तो तसाच गाईला घालायची.

आणि मग एका सकाळी दुलारीची आई आली. तिचं नाव मनटोरा. बरोबर बैसाखू होता. दोघं गावाहून पायी आणि मग टेम्पोनं आली होती, पंडरीत विचारत विचारत आमच्या गल्लीपर्यंत. आईनं ओट्यावर सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. मनटोरानं पाण्याला हात लावला नाही. बाबा दुकानातून उठून बाहेर आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, उकिडवे, जसे कधी कोणासमोर बसत नसत. तिनं पदर तोंडाशी धरला होता. ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती अगदी हळू बोलली.

"गुरुजी, एक ठन बात पूछे बर आय हंव. मोर नोनी नरियाइस होही. खिड़की उघरे रिहिस. बैसाखू बबा तो ओ पार ले सुन डारिस. तुमन सुनेव नइ का?"

बैसाखूनं मान खाली घातली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते, पण तोंडावर पदर होता. ते थोडं पुढं वाकले. मग, जसं ते घरात रोज करायचे, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून राहिली ते?"

मी आईकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं होकाराची मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. मी बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, कानाशी तोंड नेलं आणि ओरडले. दुसरं कसं सांगणार? "ते म्हणते, माही पोरगी ओरडली असंन! खिडकी उघडी होती! म्हाताऱ्यानं पलीकडून आयकलं! तुमाले आयकू नाही आलं का!" गल्लीतले लोक बाहेर आले. पानवाला उभा राहिला. माझा आवाज मध्येच फाटला म्हणून शेवटचं वाक्य त्यांना कळलं नाही, त्यांनी "आं?" केलं, आणि मला ते पुन्हा ओरडावं लागलं.

मनटोराचा पदर तोंडावरून सुटला होता. ती बाबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, माझं तोंड आणि त्यांचा कान यांच्यातल्या वीतभर जागेकडे. उत्तर यायच्या आधीच तिला ते मिळालं होतं.

"मोला सुनाय नइ, बाई," बाबा म्हणाले. मला ऐकू येत नाही. हे वाक्य त्यांनी बाहेरच्या माणसापुढं पहिल्यांदाच उच्चारलं. त्यांच्या त्या मोठ्या आवाजात ते सगळ्या गल्लीला गेलं.

तिनं पदर सावरला. मग उठली, आणि उठता उठता म्हणाली, "त बताय काबर नइ, गुरुजी? हमन तुमला भगा देतेन का? लइका मन ला कहि देतेन, गुरुजी ला सुनाय नइ, ओकर आघूच म रहव. अतके तो बात रिहिस."

मग सांगितलं का नाही? आम्ही तुम्हाला हाकललं असतं का? पोरांना सांगितलं असतं, गुरुजींना ऐकू येत नाही, त्यांच्या नजरेसमोरच राहा. एवढीच तर गोष्ट होती.

ती पायऱ्या उतरून गेली. बैसाखू तिच्यामागून गेला. बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणे?" मला ते ओरडता येईना. तेव्हा आई आली, त्यांच्यासमोर बसली, त्यांची हनुवटी हातात धरून तिनं त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि आवाज न करता, फक्त ओठांनी, सावकाश सांगितलं. मी बाबांचा चेहरा पाहत होते. आईनं शेवटचा शब्द सांगितला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ते डोळ्यांनीच ऐकत होते. आणखी काही ऐकायचं नव्हतं त्यांना.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला आणि कानांचं सगळं साहेबांना सांगून टाकलं. मग सरपंच आणि गावातले काही जाणते त्यांना न्यायला आले. बाबा कूलरचा पत्रा ठोकत होते, पाठ रस्त्याकडे. मंडळी मागं उभी राहून हाका मारत राहिली. आईनं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले. सरपंच म्हणाले, चला गुरुजी, पोरं बसली आहेत, आम्ही एक बाई ठेवतो पोरांवर लक्ष ठेवायला, तुम्ही फक्त शिकवा. त्यांनी समोर येऊन, एकेक शब्द नीट उच्चारून सांगितलं. गावातल्या सगळ्यांनीच आता तो नियम पाळायला घेतला होता.

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "मैं बोर्ड डहर मुँह करथंव, दाऊ," ते म्हणाले, "त मोर पाछू म कोनो नइ राहय. एक लइका होय के सौ, कोनो नइ राहय." फळ्याकडे तोंड केलं की माझ्या मागं, एक पोर असो की शंभर, कोणी उरतच नाही. आईनं सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर बाबांनी हातोडी उचलली.

ते पुढं पुष्कळ वर्षं जगले. टीनाचं काम करत राहिले, प्लास्टिकचे कूलर येऊन ते कमी होत गेलं तरी. पण कोणाला काही शिकवलं नाही. पाऱ्यातली पोरं पाढे घेऊन दुकानात आली तर त्यांना ते हातानंच घरी पाठवायचे. मी दहावीचं गणित घेऊन गेले, तर त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मला वाटलं आता सांगतील, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "शाळेतल्या मास्तरले विचार, रंजू." मी आत येऊन रडले. आई म्हणाली, "नको जाऊ त्याईच्यापाशी ते घेऊन." माझा मुलगा जन्मला तेव्हा मला आशा होती. नातवावर त्यांचा जीव होता, त्याला खांद्यावर घेऊन बाजार फिरवायचे. तो मराठी समजतो पण उत्तर हिंदीत देतो, त्यानं एकदा पाटी पुढं करून म्हटलं, "आजोबा, लिखना सिखाओ ना." बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला माझ्याकडे आणून सोडलं.

आणि एक सवय त्यांना लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. ते मागं वळून बघायचे. रस्त्यानं चालताना थोडं चाललं की थांबायचे, पूर्ण वळायचे, मागचा रस्ता नीट बघायचे आणि मग पुढं निघायचे. जेवताना दोन घासांमध्ये वळायचे. पत्रा ठोकताना हातोडी वर धरून वळायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं; नवीन भाडेकरू आता ओरडण्याबद्दल न विचारता त्याबद्दल विचारायचे. आई त्यांच्याबरोबर चालताना नेहमी दोन पावलं मागं राहायची. लोकांना वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे.

शेवटच्या आजारात त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. छातीत पाणी झालं होतं, आडवं झोपवत नव्हतं, म्हणून उशा लावून बसवलेलं. खाटेच्या उशाकडून वॉर्डाचा येण्याजाण्याचा रस्ता होता. नाकात नळी, हातात सुई, आणि बाबा पुन्हा पुन्हा मान वळवून मागं बघायला धडपडत होते. वळलं की नळी सुटायची, दम लागायचा, नर्स येऊन पुन्हा लावायची. "अंकल, हिलो मत ना! दीदी, समझाओ इनको." समजावणार कसं? आता उजव्या कानातही काही उरलं नव्हतं, आणि ओठ वाचण्याइतकी नजर ठरत नव्हती. आई समोर बसून हातवारे करत होती, मागं कोणी नाही, सगळं ठीक आहे. पण ते नेमकं त्यालाच घाबरत होते, मागं कोणी नाही याला.

मी उठले. खाट थोडी पुढं ओढली आणि त्यांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. शर्टाखाली हाडं लागत होती. त्यांनी वळायचा एकदा प्रयत्न केला, मग त्यांचा हात वर आला, चाचपत माझ्या बोटांवर आला, आणि तिथं राहिला. आईनं माझ्यासाठी स्टूल सरकवलं, मी बसले नाही. दुपार होईपर्यंत मी तशी उभी होते, आणि तेवढा वेळ बाबा समोर बघत होते.